बाबांच्या खांबाची जागा

आमच्या गावच्या गोटुलाला तेवीस खांब आहेत आणि गावात घरं चोवीस आहेत. हा एका खांबाचा फरक माझ्यामुळे पडला. गावाला वाटतं तो माझ्या वडिलांमुळे पडला. मी ते तसं वाटू दिलं, अजूनही वाटू देते. मन हलकं करायला मी हे लिहीत नाही. ते हलकं होत नसतं, एवढं मला या दोन वर्षांत कळलं आहे.

मी ब्रह्मपुरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे गोटूल हा शब्द उच्चारला की काही लोकांच्या ओठांचे कोपरे हलतात. "मॅडम, ते तुमच्याकडे पोरापोरींचं असतं ना काहीतरी?" असं चहा पिता पिता विचारतात. विचारणारे चांगले शिकलेले असतात. पहिली काही वर्षं मी समजावून सांगायची. मग सोडून दिलं. ज्याला जे चघळायचं आहे ते त्यानं चघळावं.

इथे मात्र सांगते. धानोऱ्याच्या पुढे, जंगलात, आमचं गाव आहे आणि गोटूल म्हणजे आमच्या गावाची बसायची जागा. गावसभा तिथे होते. वाटसरू तिथे झोपतो. लग्नाचं वऱ्हाड तिथे उतरतं. लहान मुलांना लस टोचायला नर्सबाई येते ती तिथेच खुर्ची मांडते. तेंदूच्या हंगामात अवकाळी पाऊस आला की पानांचे पुडके उचलून आधी गोटुलात फेकतात, मग आपापल्या घराकडे बघतात. कुडाच्या कमरेएवढ्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं, मागच्या अंगाला गवतानं शाकारलेली पडवी. कोणी फोटो काढावा असं त्यात काही नव्हतं.

फक्त खांबांची एक रीत होती. प्रत्येक घराचा एक खांब. घरानं तो जंगलातून निवडायचा, गावानं मिळून आणायचा, घरच्या कर्त्या माणसानं उभा करायचा. मग त्या घरचा माणूस गोटुलात आला की आपल्या खांबाला टेकून बसतो. खांबावर नाव नाही, खूण नाही, पण कोणाचा कुठला ते दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. आमचा पूर्वेकडून तिसरा. आमच्या घरच्या तीन पिढ्यांच्या पाठींनी तो बसल्या उंचीला गुळगुळीत झाला होता आणि तिथला रंग बाकीच्या खांबापेक्षा गडद होता. गावात चार घरं आमच्या समाजाबाहेरची, धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची. त्यांचेही खांब होते. म्हणून गोटुलातलं बोलणं गोंडीत सुरू होऊन झाडीपट्टीतल्या मराठीत उतरायचं.

मुलगी लग्नाआधी बापाच्या खांबाला टेकते. लग्न झालं की ती पाहुणी. मग तिनं मधल्या चटईवर बसायचं, पाठीमागे काही नसताना. कोणी तिला हलकं लेखत नाही, चहा आधी तिलाच देतात. पण टेकायला जागा नाही. अपवाद एकच. गायता, म्हणजे आमच्याकडे पूजाही करणारा आणि निवाडाही करणारा म्हातारा, एखाद्याला बोलावून स्वतःच्या खांबाशी बसवतो. तो मोठा मान. मी लहानपणापासून तो दोनदाच कोणाला मिळालेला पाहिला होता.

दोन वर्षांपूर्वी, चैत्रात, मोहफुलं वेचायला मी दोन दिवस गावी गेले होते. भाऊ आणि वहिनी तेलंगणात मिरची तोडायला गेले होते. बाबा एकटे होते आणि त्यांना आता वाकवत नव्हतं. आमचं मोहाचं झाड गोटुलाच्या मागच्या चढावर. झाड जंगलातलं, पण कुठलं झाड कुठल्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं आणि त्याला कोणी हात लावत नाही.

ज्यांनी मोह वेचलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. फुलं पहाटेपासून टपटप खाली पडतात आणि खाली वाळक्या पानांचा थर असतो. त्यात पिवळट फूल दिसत नाही. म्हणून आधी खालची जागा साफ करावी लागते. पूर्वी सगळे सरळ काडी लावायचे. पानं जळून जायची, काळ्या जमिनीवर फुलं स्वच्छ दिसायची. त्या आगी पुढे जंगलात शिरायच्या. कोवळी रोपं जळायची, चारोळी जळायची. ते बंद करायचा ठराव आमच्या गोटुलात झाला आणि तो मांडला माझ्या बाबांनी. मी तेव्हा दहावीत होते, त्यांच्या खांबाशी, त्यांच्या बाजूला बसलेली. "खराट्यानं झाडाचं. वेळ लागते तं लागू द्या. काडी लावाची नाई." एवढंच ते बोलले होते. लोक कुरकुरले आणि मग पाळू लागले. बाहेरचे लोक गावात येऊन या ठरावाचं कौतुक करून गेले आहेत.

त्या दिवशी मी तासभर खराटा चालवला. अर्धीच जागा झाली. पाठ भरून आली, हाताला फोड आला. मला अकराची काळीपिवळी जीप धरायची होती, दुसऱ्या दिवशी कॉलेजात हजर व्हायचं होतं. बाबांना उरलेली जागा झाडावी लागू नये, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याखाली दुसरंही काही होतं आणि ते मी आज लिहिते: नियम गावासाठी आहे, मला कळतं आग कशी सांभाळायची, असं मला वाटलं. मी शिकलेली ना. उरलेल्या पानांना काडी लावली. शेजारी उभी राहिले. जळून काळं झालं तेव्हा बाटलीतलं पाणी ओतलं, चपलेनं दाबलं आणि गेले.

झाडाच्या बुंध्याशी एक जुनी पोकळी आहे. लहानपणी आम्ही तिच्यात फुलं लपवायचो. ती माझ्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती आणि नेमकी तीच मी बघितली नाही. निखारा तिच्यात राहिला असणार. दुपारी वारा सुटला. पानांतून आग उतारानं खाली आली आणि गोटुलाच्या मागच्या पडवीचं गवत तिला आयतंच मिळालं.

आरमोरी ओलांडल्यावर पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तर काडीपेटी हाताला लागली. घरची, चुलीजवळची. परत देऊ पुढच्या खेपेला म्हणून मी ती पुन्हा आत टाकली.

संध्याकाळी शेजारच्या काकीचा फोन आला. "बाई, आपला गोटूल जळला ना वं." कोणी मेलं नाही, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, "तुह्ये बाबा ढोल काढाले आत गेले होते. हात भाजले त्याईचे." मी विचारलं, आग कशानं लागली. काकी म्हणाली, "मोहाकडून आली म्हणते." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भात करपला. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर गोटूल जळलं म्हटलं. एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी भाजल्यावर लावायचं मलम घेऊन गावी पोचले. बाबांचे दोन्ही तळहात पट्टीत होते. मला बघून म्हणाले, "कामावर नाई गेली?" बाकी काही नाही. मी चहा केला, पेला त्यांच्या ओठांना लावला. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ते चहा पीत होते आणि मी पेल्याकडे बघत होते.

बैठक दुपारी चिंचेखाली भरली, कारण गोटूल उरलं नव्हतं. कवेलू फुटून पडले होते, कूड जळला होता. खांब मात्र उभे होते, काळे, वर काहीच न पेलणारे. आमचा खांब सगळ्यांत कमी जळला होता. गुळगुळीत भागाला नुसती धग लागली होती. मला त्याचा राग आला.

गायत्यानं विचारलं, "आग कोण्या झाडाकडून आली?"

सगळ्यांना दिसत होतं. चढावरचा काळा पट्टा आमच्या झाडापासून सुरू होत होता.

बाबा उठले. पट्टीतले हात पोटाशी धरले होते. "झाड माहं हाये. काडी म्याच लावली."

"तू लावली भाऊ?" गायत्यानं पुन्हा विचारलं. "ठराव तं तुहाच होता."

"हो. पाठ दुखत होती. लावली."

मी बायकांत बसले होते. तोंड उघडलं हे मला आठवतं, कारण ते कोरडं पडलं होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकी माझ्या कानाशी म्हणाली, "तू तं सकाळीच गेली होती, नाई का?" मी मान हलवली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कितीही वेळा आठवलं तरी बदलत नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं, लाज नंतर आली.

निवाडा कोणी ओरडून केला नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. बाबांना बसायला सांगितलं, कोणी तंबाखू मळून त्यांच्या पट्टीवर ठेवली, आणि गायत्यानं हळू आवाजात सांगितलं. नवं गोटूल उभं राहील. बाबांनी सगळ्या घरांचे खांब खांद्यावर आणायचे. स्वतःच्या घरचा उभा करायचा नाही. चूक माणसाची असली तरी खांब घराचा असतो, म्हणून घर खांबाविना राहील. पुढे कधी गोटूल पुन्हा बांधलं गेलं तर तेव्हाचे लोक बघतील. बाबा म्हणाले, "बरोबर हाये." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या मायेनं बोललेल्या शब्दांची मला अशी चीड आली की उठून सगळ्यांना शिव्या द्याव्यात. शिव्या देण्याचा हक्क मला नव्हता हे वेगळं.

मिरची संपवून भाऊ परतला तेव्हा घराला खांब नाही हे त्याला रस्त्यातच कळलं. तो घरात येऊन बाबांना म्हणाला, "लोकाईले तुमीच शिकवलं अन् तुमीच काडी लावली. आता मी कुठी टेकू?" बाबा भाजल्या हातांनी मोहफुलं उन्हात पसरत होते. ते तशीच पसरत राहिले. मीही त्या दिवशी गावी होते, भावासाठी भाकरी थापत होते. पुढचे चार महिने तो त्यांच्याशी कामापुरतं बोलला.

पावसाळा शाळेच्या ओसरीत गेला. धान कापून झाल्यावर तालुक्याच्या कचेरीतून एक साहेब आले. एका योजनेतून पक्कं समाजमंदिर होऊ शकतं म्हणाले. स्लॅबचं, चार भिंतींचं, आत एकही खांब नाही. "मोकळा हॉल मिळेल तुम्हाला," असं दोनदा म्हणाले. भला माणूस होता. त्याला आमचे खांब अडचण वाटले यात त्याचा काय दोष?

मला मात्र त्याच्या बोलण्यात दार दिसलं. खांबच नसतील तर आमचा खांब नाही हे कोणाला दिसणार? सगळेच चटईवर बसतील. मी रजा घेऊन त्या बैठकीला गेले. परवानगी घेऊन उभी राहिले आणि बोलले. छान बोलले. सिमेंट जळत नाही म्हणाले. वाळवी लागत नाही, दर काही वर्षांनी शाकारावं लागत नाही, जंगल तोडावं लागत नाही, बायकांच्या बचत गटाला कुलूपबंद कपाट ठेवता येईल. एकेक मुद्दा खरा होता. तरणी मंडळी माना डोलवू लागली. मिरची तोडून दोन पैसे गाठीला बांधणाऱ्यांना पक्क्या इमारतीचं आकर्षण असतंच. गायता गप्प होता, आणि तो गप्प असला म्हणजे तो वळत असतो. काम झालं असं मला वाटलं.

तेव्हा बाबा उठले. शाळेच्या ओसरीच्या पायरीवर, सगळ्यांच्या मागे, ते बसले होते.

"खांबाचंच होऊ द्या," म्हणाले.

भाऊ तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. कोणीतरी बाबांना म्हणालं, "भाऊ, तुमाले तं त्यात जागा नाई."

"नसू द्या. बाकीच्याईची काऊन घालवता?"

ते बसले. ज्याचं नुकसान होतं तोच म्हणतोय म्हटल्यावर तरणे लोकही ओशाळले. खांबाचंच गोटूल ठरलं. साहेबांना कळवायचं पत्र मीच लिहिलं, कारण चांगलं पत्र मीच लिहिते.

घरी जाताना मी बाबांवर धुसफुसत होते. दुपारचं ऊन होतं, वाट रिकामी होती. "तुम्हाला कळतं का मी काऊन बोलत होती?" मी विचारलं. आमच्या घरात गोंडी बोलतात, पण रागावले की मी कधी कुठल्या भाषेत जाते ते माझं मलाच कळत नाही.

"कळते," ते म्हणाले. थोडं चालून म्हणाले, "त्या दिशी संध्याकाळी मले चूल पेटवाची होती. हात भाजले होते, पण चहा तं पाहिजे ना. काडीपेटी कुठी दिसली नाई. काकीच्या घरून निखारा आणला."

मी थांबले. ते चालत राहिले, म्हणून मलाही चालावं लागलं. काडीपेटी तेव्हा ब्रह्मपुरीत माझ्या ओट्यावर होती. नंतर मी ती वापरून संपवलीही होती.

"मी सांगते गायत्याले," मी म्हणाले. "आजच सांगते."

"काय सांगशील?"

"मी लावली म्हणून."

"अन् मी गावाच्या बैठकीत खोटं बोललो, हे बी सांगशील?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आग लागते माय. माणसाच्या हातून लागते. पण खांबाले टेकून कोणी खोटं बोललं नाई आजवर. मी बोललो. खांब जळला होता म्हणून बोलता आलं."

मग त्यांनी सांगितलं, आपण का खोटं बोललो ते. लग्न झालेल्या मुलीची चूक तिच्या सासरच्या घरावर जाते. माझं सासर आमच्या समाजातलं असलं तरी दूरचं, वैनगंगेच्या पलीकडचं. तिथल्या लोकांना इथून निरोप गेला असता. त्यांच्या गावात माझ्या नवऱ्याच्या म्हाताऱ्या बापाला उभं राहावं लागलं असतं. "त्या माणसानं काय केलं?" बाबा म्हणाले. "आपल्या घरची आग आपल्या घरी."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. घर आलं तेव्हा म्हणाले, "काडीपेटी आणून ठेवशील," आणि आत गेले.

लाकडाचं काम पौषात निघालं. गावाला जंगलाचा सामूहिक हक्क आहे, तरी ठराव, अर्ज, कुठलं झाड कुठून, याची कागदपत्रं लागतात. ती सगळी मी केली. धानोऱ्याला खेपा घातल्या, गडचिरोलीला घातल्या, बाकावर बसून राहिले. त्यात पुण्य कमावण्याचा हेतू नव्हता. हात रिकामे राहिले की मला काडी लावल्याची हालचाल आठवायची. म्हणून हात गुंतवले. गावाला वाटलं मी गावासाठी झटते आहे.

एक दिवस रजा काढून खांब आणताना बघायला गेले. येनाचे, म्हणजे ऐनाचे, खांब, ओले, जड. पुढे दोघं, मागे दोघं आणि मध्ये बाबा. निवाड्याप्रमाणे प्रत्येक खांबाला त्यांचा खांदा लागायलाच हवा होता. पण बाबा बुटके आहेत. आजूबाजूचे तरणे उंच. खांब त्यांच्या खांद्याच्या वीतभर वरून जात होता. लोकांना ते बरंच वाटत होतं, म्हाताऱ्याला भार नको. पुढचा म्हणालाही, "भाऊ, नुसता हात लावून चाला, झालं." बाबांनी डोक्याचा दुपट्टा काढला, घडी घातली. पुरली नाही. कोणाकडून तरी दुसरा घेतला, त्याची घडी त्यावर ठेवली. पोतं मागितलं, तेही दुमडून ठेवलं. खांब त्या गाठोड्यावर टेकला तेव्हा त्यांचा गुडघा थोडा वाकला. मग म्हणाले, "हां. चला आता."

तेवीस खेपा त्यांनी अशा केल्या, कितीतरी दिवस. भाऊ दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मागे खांब धरून चालू लागला. खांबाचा मागचा भाग त्यानं कोणाला धरू दिला नाही. मी वाटेच्या कडेला उभी होते. पाणी द्यायला म्हणून उभी होते. बाबांनी माझ्या हातचं पाणी घेतलं आणि पुढे गेले.

खांब उभे करताना पूर्वेकडून तिसरी जागा मोकळी सोडली. तिथे खड्डासुद्धा खणला नाही. वरच्या आडव्या लाकडाला आधार कमी पडू नये म्हणून शेजारचे दोन खांब जाड निवडले होते. बांधणाऱ्यानं हे सगळं आधीच विचार करून ठेवलं होतं आणि त्याचं मी कौतुक ऐकलं. आमचा जुना खांब बाकीच्यांबरोबर उपटला होता. भावानं तो गोठ्याला लावू म्हटलं, बाबांनी नको म्हटलं. तो परसात आडवा पडून होता आणि त्याला वाळवी लागायला सुरुवात झाली होती.

नव्या गोटुलात पहिली बैठक फाल्गुनात झाली, मोह सुरू व्हायच्या आधी. सकाळी पूजा झाली. नव्या कुडाला शेण-मातीचा ओला वास होता. ढोल तोच होता, बाबांनी काढलेला, एका कडेला काळा पडलेला. प्रत्येक घरचा माणूस आपल्या खांबाशी जाऊन बसला. खांब सगळे सारखे दिसत होते, तरी कोणी चुकलं नाही.

बाबा पूर्वेकडे गेले आणि दोन जाड खांबांच्या मध्ये, मोकळ्या जागेत बसले. पाठ ताठ. भाऊ त्यांच्या शेजारी. बाबांनी मांडीवर तळहात उपडे ठेवले होते, भाजल्यावर आलेली कातडी ताणली जाते म्हणून ते हल्ली तसेच ठेवतात. सत्तरी ओलांडलेला माणूस किती वेळ असा बसेल असं माझ्या मनात आलं. मी चटईवर बसले होते, माझी जागा होती तिथे. माझ्याही पाठीमागे काही नव्हतं आणि त्या दिवशी मला तेवढाच एक दिलासा होता.

मग गायता बोलला. जळालं ते जळालं, पुन्हा उभं राहिलं, सगळ्यांनी हात लावला, असं काही. आणि म्हणाला, "कागदपत्राचं काम या बाईनं केलं. धानोऱ्याले किती येरझारा घातल्या हे आपल्याले मालूम हाये. बापाच्या हातून चुकलं, लेकीनं निस्तरलं. आणखी काय पाहिजे?" त्यानं आपल्या खांबावर हात ठेवला. "बाई, ये. इथी टेक."

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकीच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊसुद्धा हसला, त्या वर्षात पहिल्यांदा. नाही म्हणण्याची आमच्याकडे रीत नाही, आणि कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते? जे सांगायचं होतं त्यानं समोर बसलेला म्हातारा सगळ्या गावासमोर खोटारडा ठरला असता, तेही खांबांच्या मध्ये बसून.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीनं गायत्याच्या खांबाकडे खूण केली. जा, बस. लहानपणी पंगतीत मी लाजत उभी राहिले की ते अशीच खूण करायचे.

मी उठले, गेले आणि बसले. गायत्याचा खांब बाबांच्या जागेच्या बरोबर समोर होता. साल नुकती काढलेली, लाकूड अजून ओलं आणि खरखरीत. बैठक दुपारपर्यंत चालली. मोहाची वेचणी, पाण्याचा नळ, शाळेची खिडकी, सगळं निघालं. बाबा तेवढा वेळ ताठ बसून होते. मध्ये एकदा त्यांनी एक हात पाठीमागे नेला, तिथे काही नाही हे लक्षात आल्यावर परत मांडीवर ठेवला. मी ते पाहिलं. माझी पाठ दुखत नव्हती, कारण मी टेकले होते.